दिव्याभोवतीचं धनुष्य

९ मार्च, रविवार

प्रिय दादास,

धाकट्या बहिणीचा प्रेमाचा सलाम. वहिनींना सलाम, मुलांना गोड पापा. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे बरे असाल अशी आशा करते. ह्यांच्या व्हॅनचा गिअरबॉक्स पुन्हा गेला, त्यामुळे साहेब घरी बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवताहेत. दुकानात गणवेशांच्या उंच्या कमी-जास्त करायचं काम इतकं आलंय की कात्री धरून अंगठ्याला घट्टा पडला.

आनंदाची बातमी तुला आईनं फोनवर सांगितलीच आहे, पण मला ती माझ्या तोंडानं सांगायचीय. आई पुन्हा चर्चमध्ये उपासनेला जायला लागली. स्वतःहून. साडीला इस्त्री करून.

तू पाळक झालास, दूर गेलास, इथली ती सगळी वर्षं तू पाहिली नाहीस. बाबा गेले तेव्हा ती रडत का होईना, पहिल्या बाकावर जाऊन बसली होती. पण धाकटा पाण्यात गेला. नदी गोदामाच्या तळघरात शिरली आणि आपला भाऊ पोती वर काढायला खाली उतरलेला होता. इथले पाळकसाहेब भेटायला आले, तर आईनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. म्हणाली, ‘पुन्हा पाण्यानं मारणार नाही असा शब्द दिला होता ना तुमच्या देवानं? जलप्रलयानंतर नोहाला ढगात धनुष्य दाखवून दिला होता ना?’ पाळकसाहेब बिचारे हळूच म्हणाले, ‘आई, तो करार सगळ्या पृथ्वीसाठी होता.’ आई म्हणाली, ‘माझी पृथ्वी तेवढीच होती.’ आणि दार लावून घेतलं. त्यानंतर कुणी चर्चचं नाव काढलं तरी ती म्हणायची, ‘शब्द मोडणाऱ्याच्या घरी मी पाहुणी जात नाही.’

तर गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी भांडी घासत होते आणि तिनं खिडकीतून हाक मारली. ‘अगं ये, लवकर ये. दिव्याला धनुष्य आलंय!’ समोरचा रस्त्यावरचा दिवा. मला दिवा दिसला आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणारे किडे. आई हवेत बोटानं गोल काढत होती. ‘आत जांभळा, मग हिरवा, पिवळा, बाहेर तांबडा. आकाशातलं अर्धंच असतं गं, हे पूर्ण आहे.’ मी म्हटलं, ‘हो आई, दिसतंय थोडंथोडं.’ कशाला मोडता घालायचा?

ती म्हणाली, ‘हा शब्द त्यानं माझ्या एकटीला दिलाय.’

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती खिडकीत बसते. हे म्हणतात, ‘आम्ही वीजबिल भरून साधा दिवा बघतो, सासूबाईंना फुकटात रोषणाई.’ त्यावर आई हसली. दादा, आई हसली! तू तिच्या धनुष्याची साक्ष तुझ्या चर्चच्या मंडळीला सांगितलीस आणि बाया पदरानं डोळे पुसत होत्या, हे ती भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगत सुटते.

बाकी किरकोळ. संध्याकाळी तिचं डोकं दुखतं, भुवईच्या वर. चहा कपाऐवजी बशीत ओतते. सुया माझ्याकडून सकाळीच ओवून घेते आणि उशीला टोचून ठेवते. परवा दाराच्या चौकटीवर आपटली आणि चौकटीलाच शिव्या दिल्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल. या महिन्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन आणते. तू काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

*

२ एप्रिल

प्रिय दादा,

सलाम. तुझा फोन आला तेव्हा मी तुटक बोलले, राग मानू नकोस. फोन बाहेरच्या खोलीत, आई फोनला चिकटून, आणि तिचे कान अजून खणखणीत आहेत. म्हणून लिहिते.

इकडे उकाडा सुरू झालाय. व्हॅन दुरुस्त झाली. दुकानाच्या मालकांनी नवीन शिलाई मशीन आणलं, ते शिवतं कमी आणि कुरकुरतं जास्त. मालकांना मी म्हटलं, अगदी तुमच्यावर गेलंय.

उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. सांगूनच टाकते.

आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. बाई तरुण आहेत, बोलायला मऊ. त्यांनी आईची हनुवटी त्या यंत्रावर टेकवली, डोळ्यात दिवा मारून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘आजी, संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?’

आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ‘तुम्हाला कसं कळलं? तुम्ही पण विश्वासणाऱ्या आहात का?’

डॉक्टरीणबाईंनी यंत्र बाजूला सारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला पडद्याच्या अलीकडे बोलावून समजावलं. याला काचबिंदू म्हणतात. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं, ते बाहेर जायची वाट आईची बुजत आलीय. पाणी तुंबलं की दाब वाढतो, बुबुळाला सूज येते, आणि त्या सुजलेल्या बुबुळातून दिवा पाहिला की भोवती रंग दिसतात. पावसात उन्हाचे दिसतात ना, तसेच. जितक्या संध्याकाळी तिनं ते कडं पाहिलं, तितक्या वेळा आतली नस थोडीथोडी मरत गेली. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यात नळीतून पाहिल्याएवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं.

मला वाटलं होतं, नंबर वाढला असेल.

लेझरनं काहीतरी बारीक भोक पाडलं, पण दाब पुरता उतरला नाही. म्हणून औषधाचे थेंब, तेही कायमचे, एक वेळ चुकवायची नाही. आईनं सुरुवातीला गुपचूप घालून घेतले. आणि दादा, थेंबांनी काम केलं. कडं दिसायचं बंद झालं.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी खिडकीत बसली. गल्लीतला दिवा लागला. ती पाहत राहिली. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. मी म्हटलं, ‘काय झालं आई?’ तर लहान मुलीसारखी म्हणाली, ‘माझं काय चुकलं गं? त्यानं परत का घेतलं?’

मी तिला सगळं सांगितलं. दाब, सूज, पाणी, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘डॉक्टर लोकांना पवित्र शास्त्रातलं काय कळतं?’ दुसऱ्या दिवसापासून थेंब घालायला गेले की ती मान फिरवते. औषध गालावरून ओघळून जातं.

ह्यांनीही एकदा समजावून पाहिलं. त्यांना म्हणाली, ‘जावईबापू, तुम्ही व्हॅनचं बघा.’

माझं ती ऐकणार नाही, मी तिच्यासाठी अजून कालची पोर आहे. तुझं ऐकेल. तू तिचा मुलगा आहेस आणि वर पाळक. रविवारी फोन करशील तेव्हा तिला स्वच्छ सांग की ते कडं आजाराचं होतं. तुझ्यासाठी हे सोपं नाही हे मला कळतं. तू वेदीसमोर उभा राहून ती साक्ष सांगितली आहेस, लोक अजून तिची आठवण काढतात म्हणे. पण आपल्या आईचे डोळे आहेत दादा. सांग तिला.

वाट पाहते.

तुझी,
धाकटी

*

२१ एप्रिल

दादा,

तू फोनवर आईला काय सांगितलंस?

मी तिथंच होते, बटणं निवडायच्या निमित्तानं बसले होते. मला फक्त तिची बाजू ऐकू आली. ‘हो बाळा. हो. घेईन की. नाही, नाही कसं म्हणता येईल? तेच तर मी म्हणते. हो, तू पण जप.’ फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पुन्हा त्या पहिल्या दिवसासारखा झाला होता.

मी विचारलं, काय म्हणाला दादा?

‘म्हणाला, औषध घे. पण देव कशातून बोलेल, याला आपण मर्यादा घालू शकत नाही.’

‘औषध घे’ असं तू म्हणालास, हे मला मान्य आहे. तू खोटं काही बोलला नाहीस. पण आईनं ‘पण’च्या पुढचं तेवढं ठेवून घेतलं आणि मागचं टाकून दिलं. औषधाची बाटली मला न्हाणीत नळाखाली सापडली, रिकामी, धुऊन पालथी घातलेली. नवी आणली, ती मी कुलपात ठेवते. सकाळी दुकानात जायच्या आधी मी आणि हे दोघं मिळून थेंब घालतो, हे डोकं धरतात आणि मी पापणी. आपल्या आईला असं धरावं लागतं. ती ओरडत नाही. डोळा गच्च मिटून घेते आणि म्हणते, ‘झालं का तुमचं?’

थेंब आत गेला की नाही, हे देवालाच ठाऊक.

कडं परत आलंय. संध्याकाळी खिडकीत बसून ती गाणी म्हणते, चर्चमधली जुनी. धाकट्याबद्दल बोलते, आणि रडत नाही. काल सांगत होती, लहानपणी तो तिचं शिवणाचं अंगुस्तान बोटात घालून शाळेत गेला आणि मुलांना सांगितलं की आमच्याकडे चांदीची बोटं असतात. हे पोट धरून हसले. मीही हसले. खूप दिवसांनी घरात त्याचं नाव असं मोकळं फिरलं. आणि हसता हसता मी बघितलं, आई भलत्याच दिशेला बघून बोलत होती. मी उठून मोरीकडे गेले होते, ती अजून माझ्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होती.

रविवारी पुन्हा फोन कर. या वेळी ‘पण’ म्हणू नकोस.

धाकटी

*

३० मे

प्रिय दादास,

सलाम. वहिनींचा निरोप मिळाला, तू संमेलनाला गेला होतास आणि तिथून फोन लागत नव्हता. असू दे. मुलांचे निकाल चांगले लागले हे ऐकून बरं वाटलं. थोरलीला म्हणावं, आत्या तिला फ्रॉक शिवून पाठवेल, मापं कळव. ह्यांना कंपनीनं लांबच्या फेऱ्या दिल्यात, मालक ते कुरकुरणारं मशीन विकायला निघालेत आणि गिऱ्हाईक मिळत नाही. पाणी एक दिवसाआड येतं.

आई बरी आहे. म्हणजे आता दुखत नाही.

काय झालं ते वहिनींना मी अर्धवटच सांगितलं. संध्याकाळची वेळ होती, मी दुकानातून येऊन चपला काढत होते. आई खिडकीखाली जमिनीवर बसली होती, डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून. ओकारी झालेली. उजवा डोळा लालभडक, बोट लावलं तर गोटीसारखा कडक. मला म्हणाली, ‘आज फार मोठं आलंय गं, सगळ्या खोलीभर आलंय.’ आणि मग किंचाळायला लागली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं दिली, दाब उतरवला, सकाळपर्यंत दुखणं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी तिच्या डोळ्यासमोर धरून विचारलं, ‘आजी, उजेड दिसतो का?’

आई म्हणाली, ‘कुठाय?’

डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून असते. जेवते, विचारलं तर उत्तर देते. गाणी बंद. मी विचारलं, काळं दिसतं का? म्हणाली, ‘काळंसुद्धा नाही. तुला तुझ्या पाठीनं काय दिसतं? तसं.’ इथले पाळकसाहेब आले होते. या वेळी तिनं दार लावलं नाही. त्यांना बसा म्हणाली, चहा घ्या म्हणाली, आणि त्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटल्यावर म्हणाली, ‘तेवढं राहू द्या.’ तिला कसं कळलं कुणास ठाऊक. ते गेल्यावर मला म्हणाली, ‘डोळ्यात पाणीच तुंबलं होतं ना? म्हणजे या घराला त्यानं पाण्यानंच मारायचं ठरवलंय.’ आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होत नाही. आधी ती भांडायची तरी.

पुढचं मी तुला लिहिणार नव्हते. खरंतर हे पत्र कालच संपवून पाकिटात घालून ठेवलं होतं, आज पुन्हा काढलं.

मी तिचे केस विंचरत होते. ती आपणहून म्हणाली, ‘मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पडद्याला काय भिंत म्हणतात का? त्या बाई तुला सांगत होत्या ते सगळं मी ऐकलं.’

माझा कंगवा थांबला. मी म्हटलं, ‘मग थेंब का घेतले नाहीस गं?’

‘थेंबांनी काय राहणार होतं? नळीएवढं. त्या नळीतून मी काय बघायचं? धाकट्याची रिकामी खाट?’ मग म्हणाली, ‘कडं असलं की वाटायचं, कुणीतरी आहे. आजारपण आहे हे कळत होतं आणि तरी वाटायचं. तुला नाही समजायचं.’

‘मला समजतं,’ मी म्हटलं.

‘दादा “ते खरं नाही” म्हणाला असता, तर मी सोडलं असतं. मनात म्हटलं होतं, तो नाही म्हणाला की थेंब घ्यायचे. तो “नाही” म्हणालाच नाही.’

हे तिनं तुला सांग असं म्हटलं नाही, सांगू नकोस असंही नाही. मी रात्रंदिवस विचार केला. न सांगता तुझ्याशी हवापाण्याचं बोलत राहणं मला जमणार नाही, म्हणून सांगितलं. तुला दोष द्यायला लिहीत नाही. मीही पहिल्या संध्याकाळी ‘दिसतंय थोडंथोडं’ म्हणालेच होते. तू म्हणालास त्यात प्रेमच होतं, मला माहीत आहे. तेवढ्यानं काही बदलत नाही.

पण मी आज पाकीट पुन्हा उघडलं ते यासाठी नाही.

दुपारी फोन वाजला. तुझ्या गावाहून, कुणी वयस्क बाई. आई आजारी आहे असं मंडळीत कळलं म्हणून त्यांनी विचारपूस करायला फोन केला होता. मी रिसीव्हर आईच्या कानाला लावला आणि मीही कान जवळ नेला. बाई मोठ्या आनंदात होत्या. म्हणाल्या, ‘तुमच्या मुलानं, आमच्या पाळकसाहेबांनी, तुमची साक्ष सांगितली ना, तेव्हा मी मनात म्हटलं, प्रभू, मलाही दाखव. आणि आता मलाही दिसतं हो! स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती. रंगीत, गोल.’

आई पलंगावर उठून बसली. कितीतरी दिवसांत ती अशी ताठ बसली नव्हती. ‘डोकं दुखतं का? भुवईच्या वर?’

‘दुखतं थोडं. तुम्हाला कसं कळलं?’

‘बाई, आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. ते देवाचं नाही. मी आंधळी झाले त्यानं. ऐकताय का? चप्पल घाला आणि निघा!’ आई ओरडत होती.

पलीकडून बाई अगदी मायेनं म्हणाल्या, ‘आजारपणात विश्वास डळमळतो, आई. मी तुमच्यासाठी प्रार्थना करते.’ आणि फोन ठेवला. नाव सांगितलं नाही. बोलता बोलता एवढं म्हणाल्या होत्या की पूर्वी त्या शाळेत घंटा द्यायच्या आणि आता चर्चच्या मागच्या गल्लीत एकट्याच राहतात. तू ओळखशील.

आई तेव्हापासून पलंगावर तशीच ताठ बसून आहे. माझं मनगट तिनं अजून सोडलेलं नाही, एका हातानं लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून वहिनींकडे फोन करून निरोप ठेवणारच आहे, पण निरोपात एवढं सगळं मावत नाही. त्या बाईंकडे जा. उपासना झाल्यावर नको, आधी जा. स्वतः हात धरून डॉक्टरकडे ने. त्या ऐकणार नाहीत. तूच वेदीसमोर सांगितलंस म्हणतील, आणि खरंच आहे ते. तेव्हा तिथंच उभा राहून सांग की आमच्या आईला जे दिसलं तो काचबिंदू होता आणि ती आता आंधळी आहे. मंडळीत आणखी कुणाला दिसत असेल तर त्यांनाही कळेल. लोक काय म्हणतील ते म्हणोत. तुझ्या विश्वासाचं काय करायचं ते तू ठरव, मला त्यातलं काही कळत नाही, आणि आता विचारावंसंही वाटत नाही. आमच्याकडचं संपलं आहे. इथं कुणी कशाची वाट बघत नाही. त्या बाईंना मात्र अजून दिसतंय.

आईला विचारलं, तुझ्याकडून काय लिहू. ती म्हणाली, ‘सलाम राहू दे. त्या बाईला डॉक्टरकडे नेऊन आणलं की मग सांगेन.’

तुझी बहीण